नामाची पाटी कोणी उचलेना

बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या धक्क्यावर गिरजाबाई दिसली की होडीतले बाप्ये आधी मान खाली घालतात, आणि मग आपण काय केलंय ते आठवायला लागतात. बाई काही राक्षसीण नाही. उंचीला बेताची, कानात जड सोनं, साडी गुडघ्यापर्यंत घट्ट मारलेली. वय साठीच्या पुढे कुठेतरी. विचारलंत तर "तुज्या आयशीला विचार" असं उत्तर मिळेल, म्हणून कोणी विचारत नाही. पण गेली तीस वर्षं एका बाबतीत गावात तिचा शब्द चालतो. नवऱ्याने बायकोवर हात टाकला, की त्याची पाटी कोणी उचलायची नाही.

हे जरा नीट समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत फुकट जाईल. गिरजाबाईच्या गावात मासळी मारतो पुरुष, पण होडी धक्क्याला लागली की त्याचा कारभार आटपला. पुढचं राज्य बाईचं. मासळीची पाटी डोक्यावर ती घेणार, बेलापूरच्या नाक्यावर रांगेत ती बसणार, वाटे ती लावणार, आणि गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं तर त्याची पिढी ती काढणार. पुरुषाने त्या रांगेत बसायचं म्हणजे लग्नात नवरीच्या पाटावर मामाने बसल्यासारखं. आणि नेमकी हीच शिक्षा. हात टाकणाऱ्याने आपली पाटी आपण उचलायची, भर गावातून चालत जायचं, बायकांच्या रांगेत बसून मासळी विकायची. गिऱ्हाइकाने विचारलं, "आज बाप्या कसा बसलाय?" की खरं कारण स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आणि उठायचं कधी? बायको येऊन "ऊठ" म्हणेल तेव्हा. गावकीचा अध्यक्ष म्हणाला तरी उठायचं नाही, भगत म्हणाला तरी नाही. तोवर बायको तिला वाटेल त्या घरी राहणार, आणि तिची समजूत काढायला कोणी जायचं नाही.

पद्धत गिरजाबाईच्या आधीपासूनची. पण मधल्या काळात ती पातळ झाली होती, आणि बाईने तिला पुन्हा घट्ट केलं. वर एक कलम आपल्या पदरचं घातलं, "हाड मोडलं नायतर रगत आलं, की पाटीबिटी काय नाय. सरल पोलीस." त्याप्रमाणे दोघांना ती स्वतः चौकीत घेऊन गेली होती. त्यातला एक तिचा सख्खा चुलतभाऊ होता. त्याच्या घरचे अजून तिला हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, आणि तिचं काही अडतही नाही.

दोन वर्षांपूर्वी नेरूळच्या एका महिला मदत केंद्रातून अस्मिता नावाची मुलगी गावात आली. माहेर चिपळूणकडचं, शिकलेली, बोलायला गोड, आणि कामाला अगदी वाघीण. तिने कौटुंबिक हिंसाचारावर कार्यशाळा ठेवली. भिंतीवर पडदा, साठ खुर्च्या, सामोसे, सगळं झकास. फक्त वेळ धरली ती होड्या परतायची. त्यामुळे साठ खुर्च्यांसमोर तिने दोन कुत्र्यांना आणि एका निवृत्त कंडक्टरला महिलांचे हक्क समजावून सांगितले. कंडक्टरने तीन सामोसे खाल्ले आणि शंका एकही विचारली नाही. संध्याकाळी गिरजाबाईने अस्मिताला नाक्यावरच्या रांगेत नेलं. तिथे एक पहिलवानासारखा गडी चिंबोऱ्या विकत बसला होता आणि एका आजीबाईला मान खाली घालून सांगत होता, "बायकोला मारलं म्हनून." अस्मिताने डोळे पुसले की हसू दाबलं ते नक्की सांगता येणार नाही. तेव्हापासून ती गावात येते ती भरतीचं वेळापत्रक बघून.

तर अशी ही गिरजाबाई एका बुधवारी बाजार आटपून घरी आली आणि बघते तर सून हेमांगी ओटीवर बसलेली. डाव्या गालावर बोटं उठलेली. सहा वर्षांची नात तिला खेटून होती. आजीला बघताच ती म्हणाली, "पप्पानी मम्मीला मारलं. दोनदा."

पप्पा म्हणजे गिरजाबाईचा एकुलता एक मुलगा, नामा.

कारण विचाराल तर हसाल. होडीचं इंजिन नामाने तारेने बांधून चालवलं होतं. हेमांगी त्याच्या मित्रांसमोर म्हणाली, "तारेनं बांधलंय, कुठंतरी भर खाडीत बसवील तुमाला." मित्र हसले. नामाला लागलं. मित्र गेल्यावर त्याने बायकोच्या कानाखाली दोन काढल्या आणि पाय आपटत होडीवर झोपायला गेला.

गिरजाबाई ओटीवर टेकली. खरं सांगायचं तर ती घाबरली. नामा तिचा जीव होता. तीन मुली झाल्यावर, नवस करून, आलेला. आणि ती तोंड उघडून काय म्हणाली? "इंजिनाचं टेन्शन हाय गं त्याला. वाईट नाय तो मनानं."

आता, तीस वर्षांत गिरजाबाईने हे वाक्य गावातल्या निदान चाळीस आयांकडून ऐकलं होतं. 'मनानं वाईट नाय', 'एकदाच झालं', 'प्याला नव्हता', 'ती पन बोलते किती'. प्रत्येकीला द्यायला तिच्याकडे तयार उत्तर होतं आणि ती उत्तरं गावातल्या पोरींना पाठ झाली होती. हेमांगी आवाज न चढवता म्हणाली, "टेन्शन इंजिनाचं हाय तर इंजिनाला मारायचं."

गिरजाबाईचंच उत्तर. तिच्याच ओटीवर.

एरवी अशा बायका गिरजाबाईच्या घरी येऊन राहायच्या. यावेळी ती सोय नव्हती. हेमांगीने पिशवी भरली, मुलीचा हात धरला आणि दोन घरं पलीकडे बयाबाईकडे गेली. बयाबाई म्हणजे गिरजाबाईच्या रांगेतली शेजारीण, ऐकायला थोडी कमी आणि बोलायला थोडी जास्त. तिच्या घरी टीव्ही एवढ्या मोठ्याने लागतो की मालिकेतली सासू ओरडली की खाडीतले बगळे उडतात. तरी हेमांगी त्या रात्री आठ तास गाढ झोपली, असं बयाबाईने दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाला सांगितलं.

सकाळी होड्या लागल्या. नामाच्या होडीत जिताडा होता, बोय होती, कोळंबी होती. त्याने पाटी भरून धक्क्यावर ठेवली आणि नेहमीसारखा बाजूला झाला. बायका उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या नजरा गिरजाबाईवर.

आणि काय सांगू, बाईचा हात आपोआप पाटीकडे गेला. चाळीस वर्षांची सवय म्हणा, नाहीतर आईचा हात म्हणा. पाटी कमरेपर्यंत वरसुद्धा आली.

"गिरजे!" बयाबाई ओरडली. "हात बग तुजा कुठं हाय!"

गिरजाबाईने हाताकडे पाहिलं. चटका बसल्यासारखी तिने पाटी खाली ठेवली. दोन बोया उडून धक्क्यावर पडल्या.

"आये," नामा म्हणाला, "तू पन?"

"मीच तर! दुसरी कोन?" गिरजाबाई करवादली. "उचल. आनि चुंबळ नीट ठेव डोक्यावर, नायतर मानेत लचक भरंल. मग तेल मीच लावायचं." म्हणजे शिक्षा देतानाही आई ती आईच.

नामाने पाटी उचलली. वादळात होडी हाकणारा हा गडी, पण पाटी डोक्यावर घेऊन पन्नास पावलं सरळ चालेना. मासळीचं पाणी मानेवरून शर्टात, शर्टातून पँटमध्ये. गावातली पोरं मोबाइल काढायला लागली तेव्हा गिरजाबाईने एकेकाचं नाव घेऊन त्यांच्या आयशींचा उद्धार केला. पद्धतीत लाज होती, पण तिचा तमाशा बसत नव्हता. मोबाइल खिशात गेले.

नाक्यावर रांगेत नामाला जागा मिळाली ती आई आणि बयाबाई यांच्या मधोमध. पहिलं गिऱ्हाईक आलं ते नेरूळच्या अरुणाताई. दर गुरुवारी येतात, बँकेतून निवृत्त झालेल्या, कोळंबीची मिशीन् मिशी तपासून घेणाऱ्या.

"अगंबाई, आज पुरुष कसा बसलाय?"

नामाने गळा साफ केला. "आयेचं गुडघं दुकतंय ना, म्हनून जरा मदत."

"माजं गुडघं ठनठनीत हाय!" डावीकडून गिरजाबाई.

"मग... ऑफर चालू हाय आमची."

"कसली ऑफर?" अरुणाताई लगेच खाली वाकल्या.

"ऑफर काय नाय बाई," उजवीकडून बयाबाई, "बायकोच्या कानाखाली दोन दिल्या त्यानं. दोनावर एक फ्री नव्हती, एवढंच नशीब."

अरुणाताई सावकाश सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी नामाकडे असं पाहिलं की शिळ्या मासळीकडेसुद्धा त्यापेक्षा आदराने बघितलं जातं. मग त्यांनी बयाबाईकडून कोळंबी घेतली आणि गेल्या.

पहिला दिवस असाच गेला. जिताडा कापताना नामाने बोट कापलं. वाटे लावताना एकीला जास्त, दुसरीला कमी. एकजण 'बोनलेस द्या' म्हणाला तर नामा त्याच्याकडे बघतच राहिला. त्याला माहीत असलेल्या एकाही माशाला काट्याशिवाय जगता येत नव्हतं. चौथ्या दिवशी मात्र तो खोटं बोलायचा थांबला. पाचव्या दिवशी एका चष्मेवाल्या साहेबाने विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं, "बायकोला मारलं म्हनून बसलोय." साहेब मासळी न घेताच गेला. दुसऱ्या दिवशीही तो समोरच्या फुटपाथवर नुसता उभा होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यालाच माहीत.

गंमत म्हणजे रांगेत फ्लॅटवाल्या बायांची गर्दी वाढली. मासळी घेता घेता एकेक जण गिरजाबाईपाशी वाकून हळूच या शिक्षेबद्दल विचारायची. करंजाड्याच्या नव्या टॉवरमधली एक तर म्हणाली, "मावशी, ही सोय आमच्या सोसायटीत करता येईल का हो? फक्त आमच्याकडे होडी नाही. मिस्टर कंप्युटरमध्ये आहेत."

गिरजाबाईने विचार केला. "त्याचं काय काय उचलता तुमी?"

बाईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. डबा, टॉवेल, मोजे, कपबशी, आईचा फोन. दुसऱ्या हाताची बोटंही संपली. गिरजाबाईने अस्मिताचा नंबर तिला दिला आणि म्हणाली, "ठेव सगलं खाली. आनि आधी या पोरीला फोन लाव."

अस्मिता स्वतः तिसऱ्याच दिवशी येऊन गेली होती. रांगेत नाही, बयाबाईच्या घरी. हेमांगीला तिने डॉक्टरकडे नेलं, कान तपासून घेतला, डॉक्टरचा तसा कागद करून आपल्याकडे ठेवला. "पाटी आहे म्हणून तक्रार करता येत नाही असं नाही हं, वहिनी," ती म्हणाली. "दोन्ही दारं उघडी आहेत. कुठल्या दारातून जायचं ते तुम्ही ठरवा." हेमांगी म्हणाली, "आधी बसू दे. बघू काय होतं." बाहेर आल्यावर अस्मिताने गिरजाबाईला विचारलं, "मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?" एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. "मना काय धाड भरली?" बाई खेकसली आणि तोंड फिरवून पदराने नाक पुसायला लागली.

कारण बाई बरी नव्हतीच. बाकीच्यांचे पोरगे बसवणं सोपं होतं. आता घरी आलं की नामा चार घास खाऊन ताटावरून उठायचा. कापलेल्या बोटांना हळद आपली आपण लावायचा. सात दिवस झाले. आठ झाले. तोवरचा गावातला सगळ्यात लांबचा मुक्काम सहा दिवसांचा होता. हेमांगी बयाबाईकडे राहायची, निवट्या-बोयांसारखी मासळी साफ करायची, मुलीला शाळेत सोडायची, आणि 'ऊठ' काही म्हणायची नाही. सून पोरीला घेऊन कायमची माहेरी सारसोळ्याला गेली तर? नात डोळ्यांआड झाली तर? गिरजाबाईला भाकर गोड लागेना.

नवव्या दिवशी दुपारी तिने आपलाच नियम मोडला. समजूत काढायला कोणी जायचं नाही, हे तीस वर्षं ठणकावून सांगणारी बाई पदराखाली भाजलेला बोंबील घेऊन मागच्या दाराने बयाबाईच्या घरात शिरली. बयाबाई टीव्हीसमोर घोरत होती. हेमांगी लसूण सोलत बसली होती.

"आई, बसा," ती म्हणाली. तिला सगळं कळलं होतं. बोंबील कोण मागच्या दाराने आणतं?

गिरजाबाई बसली. इकडचं तिकडचं बोलली. नात वाळलीय म्हणाली, जी अजिबात वाळली नव्हती. मग एकदम तिच्या तोंडून निघालं, "पोरी, आता पुरं कर. माजा पोरगा बाजारात बसलेला मना बगवत नाय."

हेमांगीचा हात थांबला. रागावली नाही ती. "तुमी म्हनता तर उद्या येते," ती म्हणाली. "तुमचा शब्द मी मोडनार नाय. फक्त एक सांगा. बाबा पन बसलेले ना एकदा रांगेत? माज्या आईनं सांगितलं होतं."

बाबा म्हणजे देवजी, गिरजाबाईचा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

"बसले होते," गिरजाबाई म्हणाली.

"किती दिवस?"

"एक."

"मग?"

गिरजाबाईने लसणाची एक पाकळी उचलली आणि सोलायला घेतली. ती तिच्या बोटांतून निसटली. "मग सासू आली. माज्या पाया पडली. म्हनाली, माजा पोरगा बाजारात बसलेला मना बगवत नाय. मी गेले नि ऊठ म्हनले."

बयाबाईचं घोरणं थांबलं होतं. टीव्हीत कोणीतरी कोणाला तरी वारसदार ठरवत होतं.

"मग?" हेमांगीने पुन्हा विचारलं.

"मग अकरा वर्सं," गिरजाबाई म्हणाली. "त्यांचे हात थकेपर्यंत."

हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मुलींना नाही, अस्मिताला नाही. गावाला वाटायचं देवजी एकदा बसला आणि सुधारला. तिनेही ते वाटू दिलं होतं. एवढ्या बायकांना 'लवकर उठवू नको' म्हणून दटावलं, पण का ते एकीलाही सांगितलं नाही, कारण लाज वाटायची. मार खाल्ल्याची नव्हे. एका रडणाऱ्या म्हातारीचं ऐकल्याची. आणि आता ती स्वतःच म्हातारी होऊन, अक्षरन् अक्षर तेच वाक्य घेऊन या पोरीपुढे बसली होती. वर बोंबील.

तिला स्वतःचा एवढा राग आला की ती तटकन उभी राहिली.

"येऊ नको उद्या," ती म्हणाली. "परवा पन नको. तुज्या मनानं ये. आनि मी परत आले तर हाकल मना."

"बोंबील?" हेमांगी म्हणाली.

"तो खा. बोंबलानं काय केलंय?"

"मी हाकलीन तिला," बयाबाई डोळे न उघडता म्हणाली. तिला कमी ऐकू येतं ते तिला हवं तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी रांगेत नामाने दबक्या आवाजात विचारलं, "आये, अजून किती? तू तरी सांग ना तिला." गिरजाबाईने त्याला बापाची गोष्ट सांगितली. गिऱ्हाइकांच्या मधे मधे, कोयता चालवत, तुकड्या तुकड्याने. नामा ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मना ठाव हाय. मी पलंगाखाली असायचो."

"मग तुजी पोरगी त्या दिवशी कुठं होती?" आईने विचारलं.

नामाने समोरच्या बोया एका ओळीत लावल्या, परत उचलल्या, परत लावल्या. "पलंगाखाली," तो म्हणाला आणि भर बाजारात रडायला लागला. गिऱ्हाईक उभं होतं; बयाबाईने त्याला मुकाट्याने मासळी दिली. त्यानंतर नामाने 'किती दिवस' हे विचारलं नाही. अस्मिताकडे मंगळवारी पुरुषांची बैठक असते, तिथे पाटी आटपून तो आपला आपण जायला लागला.

हेमांगी आली ती चोविसाव्या दिवशी, शनिवारी, भर गर्दीत. एक बाई भाव करता करता थांबली, आणि त्या रांगेत ही गोष्ट रोज घडत नाही.

"ऊठ," हेमांगी म्हणाली.

नामा उठला. पाय जखडले होते, भिंतीला धरून उठला.

"घरी येते मी," ती त्याला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "पन एक ऐक. परत हात उचललास तर मी बाजारात येनार नाय. अस्मिताताईकडचा कागद चौकीत जाईल, आनि मी पोरीला घेऊन जाईन. परत ऊठ म्हनायला कोनी नसंल."

नामाने मान हलवली. मग तिने सासूकडे पाहिलं. तीस वर्षं गावाला धाकात ठेवणारी बाई कोळंबीच्या वाट्यात बोटं घालून बसली होती. एकुलता एक पोरगा समोर उभा होता. जन्मभर ज्याच्यासाठी नवस केले, तो.

"ती जाईल तवा," गिरजाबाई नामाला म्हणाली, "तिची पिशवी मी उचलीन."